कामून

सकाळी सहाला आकडे बदलतात.
वर पेट्रोल, खाली डिझेल.
मानवत रोडच्या या पंपावर मी साडेपाचलाच येते,
नोझलं पुसते, बादलीत वाळू आहे का बघते,
तोवर पहिलं गिऱ्हाईक काच खाली करून विचारतं,
"ताई, डिझेल एवढं महाग कामून?"

जसं काय भाव मीच रात्रभर उबवते.

टँकरवाले मुंतजीबभाई म्हणतात, मनमाडहून इथवरचं भाडं.
मी म्हणते, भाडं तर पेट्रोललाही लागतंय की.
ते तंबाखूची धूळ झटकतात, "मग कर असंल."
रंगनाथ मिस्त्री म्हणतो, डिझेल अंगानं जड,
लिटरात दम जास्त,
अन् त्यातलं गंधक काढायला पैसा लागतो.
कुलथे सर बोटं मोडत सांगतात,
अबकारी, व्हॅट, अधिभार,
तिसऱ्या बोटावर त्यांची स्कूटर भरून होते.
तिघंही खरं बोलत असतील.
पण तीन खऱ्यांची मोळी बांधली
तरी कामूनचा चुलीवर चहा होत नाही.

मला आठवतात दहिवाळ सोनार.
गुंजेचा हिशेब ठेवणारा माणूस.
खालचा आकडा वरच्यापेक्षा पंचवीसनं कमी होता
त्या साली त्यांनी डिझेलची गाडी घेतली.
लाखभर जास्त मोजले,
आणि लाल डायरीत लिहिलं,
पंचेचाळीस हजार किलोमीटर पळाली की लाख फिटला.

दुकान ते घर चारशे पावलं.
लाख फिटावा कसा?

मग दर रविवारी कुमुदबाई पुढच्या सीटवर.
औंढा झालं. नेमगिरी झाली.
चारठाण्याचा खांब बघून आल्या त्या दिवशी
इथं हवा भरताना मला म्हणाल्या,
"हात लावला गं, दुपारचा दगड, पण गार होता."
लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती,
तोवर त्यांचं जग म्हणजे मानवत, आणि पाथरीचं माहेर.

पुढं खालचा आकडा वर सरकू लागला.
पंचवीसचे अठरा, अठराचे बारा.
सोनार डायरीत खाडाखोड करायचे.
दोन भावांतलं अंतर घटलं
तसं रस्त्याचं अंतर वाढलं,
पंचेचाळीसचे साठ हजार, साठाचे नव्वद.
आता औंढ्यानं भागत नव्हतं.
लोणार. तेर. एकदा तर पार खिद्रापूर,
दोन मुक्काम, आणि परत येताना गाडीत उसाचा वास.
मी टाकी भरायची. ते कपाळाला आठ्या घालून पैसे मोजायचे.
कुमुदबाई आरशात केस सारख्या करत
पुढचं गाव कोणतं ते विचारायच्या.

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात पेपरात आलं,
दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या पुढं गेलं.
सोनार एकटेच आले होते, मास्क हनुवटीवर.
बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली.
आमच्या फलकावर तसं काही नव्हतं,
तरी फलकाकडं बघितलं त्यांनी,
कुणी तराजूला अंगठा लावताना सापडावं तसं.
डायरी तिथंच मिटली.
वर्षभरात इंजेक्टर गेला,
रंगनाथनं सांगितलेला आकडा ऐकून गाडीही गेली.
किती किलोमीटर उरले होते, मी विचारलं नाही.

आता दोघं स्कूटीवर येतात.
दोनशेचं पेट्रोल. सोनार पुढं, खाली मान.
मी म्हणते, "झिरो बघा."
ते झिरो बघतात, डोळे बारीक करून, सवयीनं.
मागं बसलेल्या कुमुदबाई
फलकावरचा खालचा आकडा बघतात,
जो आता त्यांच्या कामाचा नाही.

काल निघताना त्यांनी माझा दंड धरला,
हळूच म्हणाल्या,
"फरक पडला की फोन कर बरं.
अजंठा राहिलंय."