आधी पाणी

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या बोळीत
शालिक हेडाऊचं दुकान.
ज्या खड्ड्यात पाय सोडून त्याचा बाप माग चालवायचा
तो खड्डा आहे अजून; वर फळी,
फळीवर सहा टाक्या, निळा उजेड
आणि पंपांची न थांबणारी बुडबुड.

मी बोट दाखवलं निऑन टेट्रांकडे.
काडेपेटीतल्या काडीएवढी लाल-निळी ठिणगी.
"हे द्या दहा."
त्यानं जाळी उचललीच नाही.
"पाणी कोणतं येते जी तुमच्या इथं?
नळाचं का बोरिंगचं?"

बोरिंगचं. बेशाच्या लेआउटमध्ये
नळ यायचाय अजून.
बादलीला पांढरी कड धरते,
तूरडाळ सहाव्या शिट्टीलाही अख्खी.

"मंग हे नाई. हे मऊ पाण्याचे जीव.
आठ दिवसांत रडत याल,
अन् मी आणखी दहा विकीन.
तसा धंदा मले नाई करायचा."

गोल्डफिश? "थंडीतला आहे तो.
मे महिन्यात इथं माणूस टिकत नाई."
एंजल आज नखाएवढा, दिवाळीला तळहाताएवढा,
मग धाकट्यांची मोजदाद चुकत जाते.
ऑस्करचं तर त्यानं नावही काढू दिलं नाही.
फायटरच्या बरणीपाशी मात्र थांबला.
"घरी किती जण तुम्ही?"
मी.
"मंग हा नको," म्हणाला,
आणि का ते सांगितलं नाही.

"तुमच्या पाण्याला मोली. गपी. प्लॅटी.
खारं, जड, त्यायले चालते.
पण आज एकही भेटणार नाई.
आज डबा न्या, वाळू न्या, फिल्टर न्या,
अन् माझ्या टाकीतली ही मूठभर घाण.
एकवीस दिवस नुसतं पाणी चालवा."

एकवीस दिवस
हॉलमध्ये उजेडाचा रिकामा डबा.
शेजारच्या नंदनवारांचा तन्मय विचारून गेला,
काकू, यातले मासे दिसत नाहीत का मला?
रात्रपाळी करून यायची, चहा घेऊन समोर बसायची.
पाचव्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं,
बाराव्या दिवशी आपोआप नितळ.
बावीस वर्षं लेबर रूममध्ये
पटकन, लवकर, आत्ताच, एवढंच बोलत आले.
थांबायचे पैसे पहिल्यांदाच मोजले.

मग चार काळ्या मोली.
त्यांत नर एकच, नाहीतर तो माद्यांना जगू देत नाही,
हे हेडाऊ माझ्याकडे न बघता बोलला.
आणि सहा झेब्रा, लांब निळ्या रेघांचे,
धोट्यासारखे या टोकाहून त्या टोकाला,
मागे सूत न सोडता.
तो बघत राहिला त्यांच्याकडे पिशवी बांधताना.
गाठ दोनदा सुटली.

शेहेचाळीस अंशांच्या दुपारी
फ्रीजरमधली गोठलेली बाटली टाकीत सोडली.
वॉर्डातल्या एकुलत्या कूलरपुढे
पेशंटचे नातेवाईक दाटतात, तशा
चारी मोली तिच्याभोवती.

आणि सुट्टीच्या रात्री, साडेतीनला,
थोरलीनं कोपरा धरला.
मी उठून दिवा लावला नाही.
जे दिसलं ते रस्त्याच्या खांबाच्या उजेडात:
एक, वाकलेलं, सुटलं, सरळ झालं, पोहलं.
दुसरं.
सव्वीस. मोजायची सवय.
कुणी किंचाळलं नाही.
काय झालं, असं दाराशी कुणी विचारलं नाही.
मग एक झेब्रा आला सहज फिरत
आणि पंचवीस.

सकाळी फोन केला.
"गवत टाका, लपू द्या," हेडाऊ म्हणाला.
"सगळे वाचत नाई, बाई."
हे त्यानं मला सांगायला नको होतं.

शनिवारी चौथाई पाणी काढलं.
बोरिंगात क्लोरीन नसतो, तेवढं बरं.
मोरीत बादली ओतता ओतता हात थांबला:
तळाशी एक टिंब, टिंबाला दोन डोळे.
आमटीच्या वाटीनं घेतलं,
पाणी सांडत हॉलपर्यंत गेले.