तेरावी रेघ

हिल्का मावशीने दिवा मालवला.
"उजेडात कळत नाही," म्हणाली,
"पितळ कधी लाजतं ते."

नोव्हेंबरात कुह्मोला दुपारी तीनलाच रात्र होते,
तरी तिला आणखी काळोख हवा होता.
गॅसची निळी जीभ, चिमटीत पुंगळी,
बूड बोटांत, मान ज्योतीत,
चाती फिरवावी तशी फिरवत राहायची.
आधी मानेवर मोरपंखी साय धरते,
मग लाली. आली की भास झाला
हे ठरायच्या आत
टपकन बादलीत.
चर्र.

लोखंड असं बुडवलं तर ताठतं.
पितळेचा ताठा आधीच आलेला असतो,
दर बाराला थोडाथोडा:
आगीत फुगायचं, साच्यात आक्रसायचं,
पुन्हा फुगायचं,
आणि एका सकाळी मान तडकते.
म्हणून हा शेक. चार-पाच बारांनी एकदा.
"मान मऊ हवी, बूड कडक.
बूड मऊ झालं तर सगळं तुझ्याच तोंडावर येईल."
बोटांना चटका बसला की सोडायची,
एवढंच तिचं थर्मामीटर.

मग टोक वाकवलेली तार.
आत घालून बुडाजवळची भिंत खरवडत यायची,
दाताच्या डॉक्टरसारखी, डोळे मिटून.
तार अडखळली तर आतून खाच पडलीय,
बाहेरून कितीही झळझळीत दिसो,
ती पुंगळी पुढच्या बाराला दोन तुकडे होणार.
चाळिसांपैकी एकीतही अडखळली नाही.

पिवळी प्लास्टिकची डबी ताउनो काकांची.
झाकणावर पेन्सिलीच्या बारा रेघा,
एक बार, एक रेघ.
बंदूक मुलाने विकली,
परवान्याची कटकट नको म्हणून,
ओउलूच्या कुणा दंतवैद्याला.
पुंगळ्या मागे राहिल्या.

काकांनी त्या कधी पुरत्या दाबल्या नाहीत.
खांदा केसभर मागे सारायचा, बस्स.
त्यामुळे तर बारा रेघा झाल्या,
आणि त्यामुळेच प्रत्येकीने
त्या एकाच बंदुकीच्या कोठीचं माप
अंगावर घेतलं होतं.

माझी बंदूक नवी, बोअर तोच.
एक पुंगळी घालून पाहिली.
बोल्ट पुढे गेला, खाली वळेना.
शेवटच्या बोटभरात
आतून कुणीतरी दार धरून उभं होतं.

मी म्हटलं, राहू दे ना मावशी,
काकांची आठवण.

तिने कॉफीचा कप खाली ठेवला.
"पितळ काय पुजायला असतं?
त्याने हे जपलं ते उडवायला जपलं.
अजून आठ बार निघतील यातून,
तू हावरटासारखी दारू कोंबली नाहीस तर."

आणि तिनेच बोटांनी लॅनोलिन चोळलं,
कोकराचं अंग पुसावं तसं,
एकेक पुंगळी साच्याखाली धरून
दांडा खाली आणला.
या वेळी पुरता.
किंचित करकर. मग काही नाही.
बारा वर्षांच्या शिकारी,
दलदलीतली ती पहाट, तो शिंगाडा एल्क,
जे काही त्या मापात होतं
ते माझ्या मापाचं झालं,
आणि टेबलावर थेंबभरही सांडलं नाही.

एक पुंगळी तिने नखावर वाजवली,
पुन्हा वाजवली.
खणखण नाही, बद्द.
आवाजातच पितळ उघडं पडलं.
मानेला केसाएवढी चीर.
"शेकायला उशीर केला हिला," म्हणाली,
स्वतःला की काकांना, कळलं नाही,
आणि ती भंगाराच्या डब्यात टाकली.

राहिल्या एकोणचाळीस.
बोल्ट आता लोण्यासारखा बंद होत होता.
मला भरून आलं, मी पेन्सिल घेतली,
बारा रेघांच्या शेजारी
झाकणावर तेरावी ओढली,
जरा वाकडी.

मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"रेघ बार काढल्यावर मारतात.
आधी नाही,"
म्हणाली,
आणि खोडरबर शोधायला उठली.