मोकळ्या वळणाचा फॉन्ट

मुहर्रकच्या गल्लीत, अत्तरवाल्याच्या वरच्या माळ्यावर
आमचं छपाईचं दुकान. एसी गळतो, खाली बादली.
गिऱ्हाईक म्हणतं, हाताने लिहिल्यासारखं पाहिजे.
मी यादी खाली खाली सरकवतो.
तो सापडतो: बॉलपेनचा, जरासा उजवीकडे कललेला,
इंग्रजीत तसाच, देवनागरीत तसाच,
शिरोरेषा अशी, की ओढता ओढता कुणी हाक मारली असावी.

करक चहाच्या कपावर तो चालतो.
फॅक्टरीत बनलेल्या लोणच्यावर 'घरगुती' लिहायला चालतो.
सलूनच्या 'तुमची आठवण येते, वीस टक्के सूट' ला तर तोच लागतो.
साखरपुड्याच्या कार्डावर नावांपुरता;
पत्ता सरळ टंकात, पाहुणे चुकायला नकोत.

'उच्च दाब, हात लावू नये' यावर नाही चालत.
व्हिसाच्या अर्जावर नाही.
कामावरून कमी केल्याचं पत्र
या फॉन्टमध्ये मी अजून पाहिलेलं नाही.
तेवढी लाज कंपन्यांना आहे.

मेच्या अखेरीस हरेश्वर चोगले आला, गोदीतला वेल्डर,
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
'वह्यांची लेबलं,' म्हणाला. 'बारा.
दरवर्षी मीच लिहितो, श्रीवर्धनला जाणाऱ्या कुणाच्या हाती देतो.
घरी हे सांगितलेलं नाही.
व्हिडिओ लावायला सांगतात, नेट नाही म्हणतो.'

मी टाइप केलं: बकुळ हरेश्वर चोगले, इयत्ता सातवी.
तो स्क्रीनकडे बघत राहिला.
'सगळे ळ सारखेच.'
फॉन्टच आहे तो, मी म्हणालो.
'माझा एक ळ पोट धरून हसतो,
दुसरा तिथंच आडवा होतो.'

मग बादली दोनदा ओतून होईपर्यंत आम्ही बसलो.
बारा ळ कापले, वाकवले.
एकाचं पोट सुटलेलं, एक शिरोरेषेवरून घसरलेला,
भूगोलाच्या वहीवरचा तर
जाळ्यातून निसटलेल्या बोंबलासारखा.
चोगले मागे उभा राहून
डाव्या हाताने हवेत गिरवत होता.

महिन्याने पुन्हा आला. प्लास्टर निघालेलं,
मनगट कुणा दुसऱ्याचं लावल्यासारखं बारीक.
'ओळखलं पोरीने.'
ळ वरून?
'छे, ळ झकास होते.
पण मी इयत्ता लिहिताना दरवर्षी चुकतो, मग खोडतो.
म्हणाली, बाबा, या वेळी एकदाही खाडाखोड नाही.
तुम्ही बरे आहात ना?'

खाली अत्तरवाला शटर ओढत होता.
मी त्याला चहा मागवला, त्याने कप डाव्या हातात घेतला,
सवय लागली म्हणाला.

ती फाइल अजून आहे.
कुळथाच्या पिठाची पाकिटं विकणाऱ्या सावंतबाईंनी
परवा त्यातला बोंबलासारखा ळ पाहिला,
म्हणाल्या, हाच लावा, किती आपला वाटतो.
मी त्यांना यादीतला दुसरा दाखवला.