शेरा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
खडूच्या रिकाम्या खोक्याला वरून फट पाडली
आणि सातवी ‘ब’ला म्हटलं,
हायस्कूलबद्दल जे विचारायचं ते चिठ्ठीवर लिहा,
नाव टाकू नका.

नाव कशाला लागतं?
सुहानी नंदनवार ‘श’ची गाठ सोडून देते,
प्रज्वलची ओळ तांडापेठेच्या गल्लीसारखी
नळ दिसला की वळते,
अल्फियाचा पूर्णविराम तुरीच्या दाण्याएवढा.

पंख्यानं उडू नयेत म्हणून चिठ्ठ्यांवर डस्टर ठेवलं
आणि एकेक वाचत गेले:
तिथल्या संडासाले आतून कडी आहे काय?
आठ विषयांचे आठ सर, मग आपलं नाव आठ डाव सांगाचं?
इंग्रजी चुकली तर कोन हासते, सर का पोट्टे?
खिचडी भेटते ना जी?
मोठ्या शाळेत रडलं तर चालते काय?

ह्यावर वर्ग हसला. मीही.
मग कुणीच नाही.

एक चिठ्ठी कोरी निघाली.
बारीक बारीक घड्या, आणि शेवटच्या घडीत
लाल सुताचा एक तुकडा.
घरात माग चालू असलेली पोरं
आता माझ्या वर्गात तीनच.

सगळी उत्तरं मलाही येत नव्हती,
म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
चौतीस जणांची रांग घेऊन निघाले.
पावलं मोजा म्हटलं, सोमवारी त्याचं गणित करू.
डोक्याला दुपट्टे, नाईक तलावाची कड,
सांबारवडीच्या गाडीजवळ निम्म्यांची मोजणी चुकली.
वस्तीचं नाव पाचपावली,
अल्फियाची निघाली दोन हजार एकशे सहा.

हायस्कूलला तीन मजले.
सुहानी आधी जाऊन आली, रांगेत उभी राहून
सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं म्हणाली:
कडी आहे, पानी नाही.

तेवढ्यात छताखालून करकरीत घंटी वाजली.
कबुतरं उडाली, आमची रांग दचकली,
तिथली पोरं मात्र चालतच राहिली.

युगल खापेकर भिंतीला टेकून
वरच्या पांढऱ्या डबीकडे बघत होता.
‘मॅडमजी, इथं टोल कोन देते?’
कोणी नाही रे. आपोआप वाजते. वेळ लावून ठेवलेली असते.
‘कोनीच नाही?’
कोणीच नाही.
बाहीला त्याच्या लाल सूत चिकटलेलं.

आमच्याकडे चिंचेला रुळाचा तुकडा टांगलाय.
देवाजी शिपाई रिटायर झाले, जागा भरली नाही,
तेव्हापासून दोन वर्षं युगल.
अपूर्णांक त्याच्या हातात मोडतात,
पण मोठा काटा आठवर आला की
वाचता वाचता उठायचा, कोणाला न विचारता.
टोल देऊन झाला की तळहात ठेवून
थरथरता रूळ थांबवायचा.
मी एकदा ओरडले, खेळ करतोस काय?
म्हणाला, बाजूले बालवाडीतले लेकरं झोपले राह्यते.

एप्रिलमध्ये दाखले भरले.
ऑफिसचा कूलर गरमच हवा फेकत होता.
शाळा सोडण्याचे कारण: सातवी उत्तीर्ण.
प्रगती: बरी.
वर्तणूक: चांगली.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
दोन वर्षांत टोल एकदाही चुकला नाही.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला.
‘मॅडम, हा दाखला आहे. उद्या तिकडचे विचारतील,
टोल म्हणजे काय?’
ते चूक नव्हते.
नवा फॉर्म घेतला,
शेऱ्यात आडवी रेघ ओढली, सगळ्यांसारखी.
युगलनं सही करून दाखला घेतला,
वाचला नाही, खिशात ठेवला,
तशाच बारीक घड्या घालून.

बिघडलेला फॉर्म माझ्याकडेच राहिला.
त्याच्या पाठीवर जूनची नवी यादी करायला घेतली.
सत्तावीस नावं झाली.
घड्याळ कोणाकोणाला कळतं,
ते विचारायचं राहिलं.