चूल वेगळी

कुरण, गोठा आणि दोन्ही खेचरं एल्डनकडे गेली.
कॅनव्हासचा तंबूही गेला. बासष्ट पौंडांचा.
आणि त्याच्यातली ती पत्र्याची शेगडी,
जिच्यात निजताना एक जाड ओंडका सारला
की आम्ही दोघे भाऊ पहाटेपर्यंत घोरायचो.
वाटणीच्या कागदावर तंबूचं नाव नव्हतं.
पण खेचरं ज्याची, तंबू त्याचा,
एवढं मला कळतं.

तेव्हापासून पिठाचा काटा
ओट्यावरून टेबलावर आलाय.
त्रेपन्न वर्षांचा गुडघा, लेमही डोंगरांची चढण,
आणि आता विंचवाचं बिऱ्हाड.
चमच्याचा दांडा कापून पाहिला. पाव औंस.
हसू आलं, तरी वहीत लिहिला.

सॅमन गावच्या दुकानात ब्रिन्ली नावाच्या पोरीनं
मुठीत मावेल अशी थैली उघडली
आणि हा एवढा तंबू जमिनीवर ओतला.
एकच खांब मधोमध. तळ नाही.
"उंदीर येतील," मी म्हणालो.
"येतील," ती म्हणाली. "किती माणसं?"
"एक."
"मग दोघांचा घ्या.
दुसरी जागा ओल्या कपड्यांना लागते."

चुलीशिवाय घेतला तर दोन पौंड वाचतात.
दोन पौंड म्हणजे काय, ते पाठीला विचारावं.
मी थैली हातात तोलत उभा राहिलो बराच वेळ,
आणि मला एल्डनचे पाय आठवले,
त्या वर्षी नाल्याचा बर्फ फुटला तेव्हाचे,
निळे, मेणासारखे.
ते मी माझ्या काखेत धरून बसलो होतो
शेगडी धडधडू लागेपर्यंत.
एकट्या माणसाला
स्वतःचे पाय स्वतःच्या काखेत धरता येत नाहीत.

चूल घेतली.

टायटॅनियमची. वहीच्या पुठ्ठ्यासारखी उघडते.
धुराडं म्हणजे पत्र्याची गुंडाळी,
पहिल्यांदा सोडली तेव्हा सापासारखी उसळली,
अंगठा कापला.
सगळं मिळून पाच पौंड अकरा औंस.
वहीत खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या रात्री, वर, झाडांच्या शेवटच्या रांगेत,
काडी लागताच ती लालबुंद झाली.
मोजे वाफाळले, पातेलं बोलू लागलं,
पातळ भिंतींवर माझीच सावली, केवढी तरी.
आणि चाळीस मिनिटांत राख.
पुन्हा बोटाएवढ्या ढलप्या, पुन्हा चाळीस मिनिटं.
जागरणाचं वजन
दुकानातल्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

तिसऱ्यांदा उठलो तेव्हा लघवीला बाहेर गेलो.
समोरच्या धारेवर, नाल्यापलीकडे,
पिवळा चौकोन दिसला. कंदिलाचा.
वर सरळ धूर, सावकाश, जाड ओंडक्याचा.
मी थंडीत हवा त्याहून जास्त वेळ उभा राहिलो.
मग आत आलो, ढलप्या घातल्या.

चौथ्या दिवशी एल्क पडली, मोठी मादी.
एकट्याच्या पाच खेपा.
मांस पिशव्यांत भरून फरच्या सावलीत टांगलं,
पहिली तंगडी पाठीवर घेतली, खाली गाडीपर्यंत,
वाटेत तीनदा बसलो.
परत चढून गेलो, तर फांद्या मोकळ्या.

अस्वल असतं तर पिशवी फाटती, माती उकरती.
खाली वाकलो. खेचराचे खूर,
आणि मागच्या उजव्या पायाचा नाल जरा फिरलेला.
ती डोलोरेस. तिचा नाल मीच ठोकायचो.

रात्री गाडीपाशी पोचलो.
कॉटनवूडच्या फांदीला उरलेलं सगळं मांस,
जमिनीपासून पुरुषभर उंच, नीट वारा लागेल असं.
आसपास कोणी नाही. चिठ्ठी नाही.
दोरीला गाठ तीच, उलटी,
डावखुऱ्या माणसाची,
जी मला आजवर एका ओढीत सोडवता आली नाही.

मी हातमोजे काढले
आणि सोडवत बसलो.