पुसल्याची नोंद

चिमूर रोडवरच्या आमच्या तीस खाटांच्या दवाखान्यात
कॉम्प्युटर एकच चालतो.
दुसरा आहे, त्याच्यावर सलाईनचे खोके ठेवलेत.

या एकावर सकाळी मी केसपेपर काढतो,
अकराला टेंभुर्णे सिस्टर लसीचे आकडे भरतात,
दुपारी लॅबमधला निनाद थुंकीचे रिपोर्ट टाकतो,
आणि रात्री डॉक्टर
ड्रेसिंग अर्धं सोडून, हातमोज्यासकट
माउस धरतात.
बेसिनवर पोस्टर आहे, हात धुण्याच्या पायऱ्या, चित्रांसह.
हात धुतलेही जातात.
मग ते इथे येतात.

एकदा कीबोर्ड उलटा करून आपटला.
सुपारीची खांडं पडली, खर्ऱ्याची
(माझीच असतील, नाकारत नाही),
काळ्या दोऱ्याचा एक टाका, गाठीसकट,
कुणाचं तरी नख,
संत्र्याची बी.
'ए'चं अक्षर पार पुसलेलं,
'एंटर' वरवंट्यासारखा गुळगुळीत.

खाट नंबर नऊची जखम तेव्हा भरत नव्हती.
विळा लागलेला पाय, साधा.
जिल्ह्याहून मॅडम आल्या,
खाटेची दांडी, ट्रे, सिस्टरांचे तळवे,
सगळीकडून कापूस फिरवून नेला.
जाता जाता, सहज, माझ्या टेबलावरूनही.
उत्तर आलं तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं नाही.
बघायला हवं होतं.

तेव्हापासून कौतिकाबाई सहाला येतात
स्पिरिटचा बोळा घेऊन.
"लेकराचं तोंड पुसतो तसंच पुसतो, भाऊ.
थेंब नाई पडू देत अंदर."
काडीला कापूस गुंडाळून
एकेका बटणाची फट.
आधी तार काढायची, एवढंच मी शिकवलं होतं.

एक दिवस तार राहिली.
पडद्यावर उघडे होते गुलाब वाढई, वय एकोणसत्तर.
तक्रार: ताप, खोकला, ककककगगसससस;;;;लल११११११

माझ्या ध्यानात येईपर्यंत ते जिल्ह्याला गेलं होतं.
"काय लिवलं म्या? वाचून दाखवा ना."
मी वाचलं. क, क, क, क.
त्या तोंडाला पदर लावून हसल्या,
मग एकदम थांबून,
"अन् वाढईबुवा? बरे हायेत ना ते?"

बरे आहेत. नऊ नंबरही परवा घरी गेला,
श्रेय मलमाला मिळालं, मिळू दे.
वरून विचारणा आली नाही, महिना झाला.

मी सगळे रकाने चाळले:
जन्म, मृत्यू, साप, कुत्रा, विंचू,
विंचवाला तर दोन आहेत.
'पुसलं' असं लिहायला कुठे जागा नाही.

म्हणून वाढईंच्या खोकल्यापुढची ती ओळ
मी खोडली नाही.