वैयक्तिक कारण

राजीनाम्याच्या फॉर्मवर
'कारण' या शब्दापुढं दोन बोटं जागा सोडलेली असते.
अस्मिता खरपडेनं बॉनेटवर कागद ठेवून
तिथं 'वैयक्तिक' लिहिलं
आणि बॉनेट तापलं होतं म्हणून हात झटकला.

मी पायलट. म्हणजे ड्रायव्हरच,
पगार गाडीचा, शब्द विमानाचा.
सहा वर्षांत मागच्या सीटवरचं हे पाचवं माणूस.
पहिला कतारला गेला. एक बाई
तलाठ्याच्या परीक्षेच्या क्लासला लागली.
सुर्वे ऐरोलीत एसीत बसून मेडिक्लेमचे कागद तपासतो.
मध्ये भेटला तेव्हा म्हणाला, आता रात्री झोप लागते.
मग म्हणाला, दुपारीही लागते.

मानखुर्दची ती इमारत.
लिफ्ट बंद, सातवा मजला, एकशे दहा किलोचा माणूस,
स्ट्रेचर जिन्याला वळत नाही
म्हणून चादरीची झोळी केली.
अस्मिता पायांच्या बाजूला, उलटी उतरत,
टाचेनं एकेक पायरी चाचपत,
आणि वरून त्याचा मेहुणा मोबाइल धरून:
बघा, बघा, कशा आरामात चालल्यात.
आम्ही चौदा मिनिटांत पोचलो होतो.
त्यातली सहा एका आडव्या लावलेल्या टेम्पोची.
टेम्पो व्हिडिओत नव्हता.

हॉस्पिटलच्या दारात आणखी पस्तीस.
ट्रॉली नाही.
आमचं स्ट्रेचर आत गेलं तर कधी परत येईल सांगता येत नाही,
आणि ते येईपर्यंत गाडी म्हणजे नुसता भोंगा.
ती गाडीतच फुगा दाबत राहिली.
ओठ हलताना दिसले, वाटलं देवाचं नाव घेतेय.
आकडे मोजत होती.

पाठीचं तिनं कधी सांगितलं नाही.
गणवेशाखाली कमरेला पट्टा बांधून यायला लागली
तेव्हा कळलं.
पगार एकोणीस तारखेला, कधी त्याच्याही पुढं.
कंत्राटदार बदलला की
नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून.
हे सगळं ती चहात बिस्किट बुडवावं तसं बोलायची,
पडलं तर पडलं.

पण तिची एक वही होती.
तारीख, वय, कुठून उचललं, कुठं सोडलं,
आणि शेवटचा रकाना कोरा.
तो भरायला एकदा सुट्टीच्या दिवशी
वॉर्डापर्यंत गेली, शहाळं घेऊन.
सिस्टरनं विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही?
मी आणलं त्यांना, ही म्हणाली.
ते ठीक आहे. पण कोण?

शहाळं आम्ही दोघांनी स्टँडवर संपवलं.
मलई तिनं मला दिली.

दोन बोटं जागेत हे मावत नाही, मान्य.
पण 'वैयक्तिक'?
सगळी तर दुसऱ्यांची माणसं होती.

ऑफिसात म्हणे मीटिंग झाली,
मुलं टिकत का नाहीत.
फॉर्मांचा गठ्ठा काढला असेल,
वैयक्तिक, वैयक्तिक, एक 'लग्न', पुन्हा वैयक्तिक.
आता त्याला आपण काय करणार, म्हणाले असतील,
आणि समोसे मागवले असतील.

आज नवीन पोरगा आलाय, उदगीरचा.
बूट अजून करकरतात.
ऑक्सिजनची चावी कुठं असते, म्हणाला.
सिलिंडरच्याच गळ्यात, दोरीला. आधी सारखी हरवायची.
कुणी बांधली ते त्यानं विचारलं नाही.
त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मी मान हलवली.
नाव पाठ करायला हल्ली मी दोनेक महिने जाऊ देतो.

वही ती घेऊन गेली, बरं झालं.
मी तिचं काय केलं असतं.

फोन वाजला. चेंबूर, चौथा मजला.
पोरगा उडी मारून शेजारी बसला,
लिफ्ट असेल ना काका, म्हणाला.
पट्टा लाव, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
सीटचा रे. सीटचा.